करंजी घाट, चौथा गिअर

तुम्हाला माहीत होतं का, की क्लचला हॉर्सपॉवर कळतच नाही? त्याला कळतो फक्त टॉर्क! मला हे या उन्हाळ्यात कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगितलं, सावेडीत भाजी घेताना सांगितलं, एका साखरपुड्यात तर पंगतीला शेजारी बसलेल्या नवऱ्या मुलाच्या काकांनाही सांगितलं. ते बिचारे हातात जिलबी धरून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुमचा विषय गणित ना?" अहो, हे गणितच आहे! चार गोष्टींचा साधा गुणाकार. आणि जगातला प्रत्येक भारी क्लच, शर्यतीच्या गाडीतला असो नाहीतर रणगाड्यातला, त्या चारांपैकी कुठलीतरी गोष्ट वाढवूनच बनलेला असतो.

नगरमध्ये (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण एसटीच्या रांगेत अजून सगळे 'नगर'च म्हणतात) मी कित्येक वर्षं गाडी चालवते आहे. इतक्या वर्षांत क्लच म्हणजे डाव्या पायाखालचं पेडल, यापलीकडे माझी ओळख गेली नव्हती. ती झाली भावाच्या गाडीमुळे. तो पुण्यात राहायला गेला, पार्किंग मिळेना, म्हणून गाडी माझ्याकडे आली. फियाट लिनिया टी-जेट. आमच्याच रस्त्यावरची लेक म्हणायची! नगरहून पुण्याला निघालं, सुपे गेलं, शिरूर ओलांडलं की रांजणगावची एमआयडीसी लागते, तिथल्या कारखान्यात ही जन्मली. १.४ लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ११४ हॉर्सपॉवर, २०७ न्यूटन-मीटर टॉर्क, तोही २,२०० आरपीएमलाच. फियाटच्या गाड्या आपल्याकडे विकायच्या बंद झाल्या, पण त्यांच्यावर जीव टाकणारे बंद झाले नाहीत. भाऊ त्यातलाच. त्याने गाडी माझ्या हाती देण्याआधी रीमॅप करून घेतली होती, म्हणजे इंजिनच्या संगणकात नवी फाईल घातली होती. त्याने दिलेल्या कागदावर टॉर्क लिहिला होता २६० न्यूटन-मीटर. "ताई, मजा येईल," एवढंच तो म्हणाला.

आली की मजा! आणि मग करंजी घाट आला.

मोहट्याच्या देवीला जाऊन आम्ही पाथर्डीहून परत येत होतो. गाडीत चौघं, डिकीत प्रसादाचे नारळ, बाहेर एप्रिलचं ऊन. तिसगाव गेलं, करंजी गेली, चढ सुरू झाला. पुढे रिकाम्या ट्रॉल्यांचा एक ट्रॅक्टर होता. तो बाजूला झाला तशी मी चौथ्या गिअरमध्येच पाय दाबला. आरपीएमचा काटा अडीच हजारावरून टुणकन साडेतीन हजारावर गेला, आणि वेगाचा काटा होता तिथेच! इंजिन ओरडतंय, गाडी ढिम्म. पाय सैल केला तर काटा खाली आला आणि गाडी शहाण्यासारखी चालू लागली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. मागून आई म्हणाली, "काहीतरी जळतंय गं." तो वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

नगरच्या स्टेशन रोडमागच्या एका गल्लीत आमचे चाचा आहेत. तीन पिढ्यांचं गॅरेज. त्यांनी एक चक्कर मारली, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी उभी करून म्हणाले, "क्लच स्लिप मारतोय, ताई. पण प्लेट संपलेली नाही." हे कसं कळलं? "संपली असती तर सगळीकडं मारला असता. हा फक्त टॉर्क भरला की मारतो."

टॉर्क भरला की! त्या तीन शब्दांवर माझा सगळा उन्हाळा गेला.

चाचांनी एक जुनी क्लच प्लेट माझ्या हातात दिली. तुम्ही कधी हातात घेतली आहे? नसेल तर जवळच्या गॅरेजमध्ये जा आणि घ्या, कुणी नाही म्हणणार नाही. मधे दातेरी भोक, त्यात गिअरबॉक्सचा शाफ्ट बसतो. त्याभोवती चार-पाच जाड स्प्रिंगा आडव्या बसवलेल्या, इंजिनचे धक्के गिळायला. आणि कडेला दोन्ही तोंडांना लायनिंगचं कडं, रिव्हेट मारून बसवलेलं. दोन्ही लायनिंगांच्या मधे डोकावून पाहिलं तर पातळ पोलादाची लाटदार पट्टी दिसते. तिच्यामुळे प्लेट दाबताना किंचित लवते आणि गाडी हिसका न देता उचलते. सकाळी दिल्ली गेटच्या गर्दीत आपण गाडी अलगद सोडतो, त्याचं निम्मं श्रेय त्या पट्टीचं आहे, आणि तिचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

ही प्लेट दोन पोलादी तोंडांमध्ये चिमटलेली असते. एका बाजूला इंजिनचं फ्लायव्हील, दुसऱ्या बाजूला प्रेशर प्लेट. प्रेशर प्लेटच्या मागे डायफ्राम स्प्रिंग. म्हणजे काय, तर पोलादाची एक किंचित शंकूसारखी चकती, मध्यापर्यंत चिरा पाडून तिची बोटं केलेली. पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग त्या बोटांवर रेटतं, कडा उचलली जाते, प्लेट मोकळी होते. १९६५ साली सुरू झालेल्या जर्मनीतल्या लुक कंपनीने युरोपात ही स्प्रिंग मोठ्या प्रमाणावर गाड्यांत आणली. तिची खुबी ऐका. साधी गुंडाळीची स्प्रिंग असती तर लायनिंग झिजत गेलं तसा दाब कमी होत गेला असता. ही बाई उलटी! लायनिंग झिजायला लागलं की तिचा दाब आधी थोडा वाढतो, मग शेवटी शेवटी उतरतो. मी चाचांना विचारलं, "हे तुम्हाला माहीत होतं?" ते म्हणाले, "मला एवढं माहितीये की नवीनपेक्षा जरा चाललेला क्लच चांगला पकडतो." म्हणजे माहीतच होतं.

आता तो गुणाकार. क्लच किती टॉर्क पेलेल? घासणाऱ्या तोंडांची संख्या, गुणिले घर्षणांक, गुणिले दाब, गुणिले सरासरी त्रिज्या. संपलं! चाचांच्या व्हर्नियरने मी ती जुनी प्लेट मोजली. बाहेरचा व्यास २२० मिलिमीटर, लायनिंगचा आतला व्यास १५०. (लायनिंग सगळीकडे सारखं झिजतं असं धरलं की सरासरी त्रिज्या अगदी बरोबर ठरते. हे वर्गात फळ्यावर सिद्ध करून दाखवायचा मोह मला झाला आणि मी तो आवरला नाही.) तर त्रिज्या ९२.५ मिलिमीटर. तोंडं दोन. घर्षणांक ०.३ धरू, साध्या ऑरगॅनिक लायनिंगला तो साधारण तेवढा असतो. दाब ५,००० न्यूटन धरू, म्हणजे जवळजवळ अर्धा टन वजन त्या प्लेटवर सतत बसलेलं. गुणाकार केला. २७७ न्यूटन-मीटर.

आता मजा बघा. मूळ इंजिन २०७ देतं. २७७ पेलणारा क्लच त्याला भरपूर झाला, तिसऱ्या हिश्श्याइतकी गाठीला शिल्लक. रीमॅपनंतर इंजिन देतं २६०. तरीही पेलतो! मग घसरला का? कारण चढावर, उन्हात, पुन्हा पुन्हा अर्धा क्लच मारून लायनिंग तापलं. तापलं की घर्षणांक उतरतो. ०.३ चा ०.२५ झाला की तोच गुणाकार २३१ देतो. २६० मागणारं इंजिन आणि २३१ देणारा क्लच! म्हणून सकाळी थंडीत गाडी गुणी आणि दुपारी करंजीच्या चढावर घसरडी. आणि एकदा घसरला की आणखी तापतो, तापला की आणखी घसरतो. हे आकडे माझ्या गाडीच्या कारखान्याने दिलेले नाहीत, हाताशी असलेल्या प्लेटवरून धरलेले आहेत. पण घाटात जे झालं ते त्यांनी असं उलगडलं की मी त्या रात्री अकरा वाजता भावाला फोन केला. आणि मूळ क्लचची बाजूही त्याला सांगितली: तो बिचारा २०७ साठी बांधला होता, त्याने त्याच्या नेमणुकीपेक्षा जास्तच काम केलं.

मग चौथाच गिअर का? पहिल्या-दुसऱ्यात का नाही? क्लचवर येणारा टॉर्क इंजिनचा असतो, त्याला पुढचा गिअर दिसतच नाही. पण खालच्या गिअरमध्ये गाडी पटकन पळते, काटा टॉर्कच्या शिखरावरून झरकन पुढे निघून जातो. वरच्या गिअरमध्ये आणि त्यातून चढावर टर्बोला पूर्ण फुगायला वेळ मिळतो आणि इंजिन त्या शिखरावरच रेंगाळतं. म्हणून क्लचची परीक्षा वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला. आणि म्हणूनच हॉर्सपॉवर विचारण्यात अर्थ नाही. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले वेग. तीच ताकद उंच आरपीएमला काढली तर क्लचवर भार कमी पडतो. दीडशे घोड्यांचं पेट्रोल इंजिन एखाद्या क्लचवर सुखाने चालेल, आणि शंभर घोड्यांचं रीमॅप केलेलं डिझेल अठराशे आरपीएमलाच त्या क्लचचं पाणी काढेल.

यातून सर्वांत स्वस्त उपाय निघतो आणि तो क्लचचा नाहीच! फाईल बदलायची. रीमॅप करणाऱ्याला सांगायचं की दोन हजारालाच सगळा टॉर्क ओतू नकोस, अडीच हजाराच्या पुढे हळूहळू दे. हॉर्सपॉवर तेवढीच राहते, क्लच वाचतो. भावाला हे सांगितलं तर म्हणाला, "मग मजा काय?" ठीक आहे. म्हणजे क्लच बदलायचाच.

तर चार खुंट्या. कुठली पिळायची?

त्रिज्या सोडून द्या. गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या कवचात जागा असते तेवढीच.

घर्षणांकाची गोष्ट मात्र मला वेड लावून गेली. ऑरगॅनिक लायनिंग म्हणजे तंतू, राळ आणि तांब्या-पितळेची तार यांचं मिश्रण. पूर्वी त्यात ॲस्बेस्टॉस असायचं. या सगळ्या धंद्याचा एक पूर्वज म्हणजे इंग्लंडमधला हर्बर्ट फ्रूड. घोडागाडीवाले उतारावर ब्रेकच्या ठोकळ्याला जुने बूट बांधतात हे त्याने पाहिलं, आणि १८९७ साली घर्षणाचा माल करायला लागला. फेरोडो कंपनी ती हीच! ऑरगॅनिकच्या वर केव्हलार आणि त्याच्या वर सिरॅमिक. सिरॅमिक म्हणजे कपबशीची माती नव्हे. धातूची भुकटी आणि सिरॅमिक भाजून केलेली बटनं, प्लेटच्या कडेला तीन, चार किंवा सहा बसवलेली, मधली जागा मोकळी. घर्षणांक ०.४ च्या पुढे आणि तापलं तरी फारसा उतरत नाही. फोटो बघून मी चाचांना म्हटलं, ही शर्यतीच्या गाड्यांची प्लेट कुठे बघायला मिळेल? ते हसायलाच लागले. "शर्यत कशाला? चला मार्केट यार्डात."

आणि तिथे, ट्रॅक्टरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात, पंख्याचे पट्टे आणि ग्रीसचे डबे यांच्या मधल्या फळीवर ती होती! बटनवाली सिरॅमिक प्लेट. परदेशातल्या शर्यतवीरांची म्हणून मी जिचे फोटो पाहत होते, तीच आमच्याकडे उसाच्या ट्रॅक्टरला बसते. बसणारच की. गळिताच्या हंगामात वृद्धेश्वर कारखान्याकडे दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढत, गव्हाणीच्या रांगेत दहा दहा फूट सरकत, चढाला थांबून पुन्हा उचलत जाणारा ट्रॅक्टर क्लचला जेवढं तापवतो तेवढं कुठली हौशी मोटार तापवणार? दुकानदाराने माझ्या हातात दोन प्लेटा दिल्या, एक लायनिंगची आणि एक बटनांची. बटनांचं क्षेत्रफळ तर निम्मंही नाही! मग पकड जास्त कशी? मी पुन्हा गुणाकाराकडे पाहिलं. त्यात क्षेत्रफळ आहे कुठे? नाहीच! तोंडं, घर्षणांक, दाब, त्रिज्या. तेवढाच दाब लहान जागेवर दिला तरी घर्षण तेवढंच. क्षेत्रफळ लागतं ते उष्णता पसरवायला आणि झीज सोसायला, टॉर्क पेलायला नाही. हे मी मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आले आणि त्या दिवशी दुकानात उभी राहून, हातात ट्रॅक्टरची प्लेट घेऊन, पहिल्यांदा मला ते दिसलं.

पण तीच प्लेट मोटारीला घातली तर? दुकानदार म्हणाला, "ताई, ट्रॅक्टरला हिसका बसला तर ट्रॅक्टरवाला काही बोलत नाही. तुमच्या आई मागं बसतील ना?" बटनांची प्लेट पकडते ती एकदम. पेडल सोडताना मधली जागा उरतच नाही. गाडी थरथरत उचलते, चढावर मागे-पुढे करताना घाम फुटतो. शिवाय ती फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटचं तोंड लवकर खाते. स्प्रिंगा नसलेल्या घट्ट हबची प्लेट असेल तर न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स खडखडतो तो वेगळाच. शनिवारी शर्यत आणि सोमवारी ट्रेलरवर परत, अशा गाडीला ती शोभेल. सावेडीच्या सिग्नलला नाही.

आता तोंडांची संख्या. ही खुंटी मला सापडली ती सर्वांत अनपेक्षित जागी, फराहबागेजवळच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये! आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने १९९४ साली ते सुरू केलं. नगरच्या प्रत्येक मुलाने शाळेच्या सहलीत तिथे पॅटन रणगाड्याच्या तोफेखाली फोटो काढलेला असतो. मीही काढला आहे. पण या वेळी मी तोफा बघायला गेलेच नव्हते, मी क्लच बघायला गेले होते. तिथे व्हॅलेंटाईन उभा आहे, दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश रणगाडा. तो वळतो कसा, माहीत आहे? स्टिअरिंगचं चाक नाहीच. डावीकडे वळायचं तर डाव्या पट्ट्याचा क्लच सोडायचा आणि ब्रेक लावायचा, उजवा पट्टा चालू. म्हणजे वळण्याचं कामही क्लचच करतो! आणि पलीकडे टी-५५. त्याचा मुख्य क्लच अनेक प्लेटांचा, पोलाद पोलादावर घासणारा. छत्तीस टनांचं धूड, पण क्लचचा व्यास बैलगाडीच्या चाकाएवढा करायची गरज पडली नाही. प्लेटा वाढवल्या, तोंडं वाढली, गुणाकार वाढला. पाटीवर हे काही लिहिलेलं नाही. पाटीवर तोफेचा आकडा असतो. मी त्या रणगाड्याच्या मागच्या बाजूला, इंजिनच्या जागी, इतका वेळ उभी होते की तिथल्या जवानाने येऊन विचारलं, "मॅडम, काही हरवलं का?"

बाहेर आले आणि पार्किंगमध्ये लख्ख प्रकाश पडला. समोर स्प्लेंडरांची रांग! मोटारसायकलचा क्लच अनेक प्लेटांचाच तर असतो, तेलात बुडालेला. आपण बाईकच्या 'क्लच प्लेटा' टाकतो, पाच-सहांचा सेट, आणि मोटारीची 'क्लच प्लेट', एक. आयुष्यभर हे ऐकत होते.

मोटारीसाठी दोन प्लेटांचा क्लच मिळतो. तोंडं चार. तोच दाब, तोच घर्षणांक, आणि माझा २७७ एकदम ५५५ होतो! किंवा दाब निम्मा करा आणि पेडल लोण्यासारखं होऊ द्या, तरी २७७ राहतोच. काय सुंदर उपाय आहे. पण किंमत कितीतरी पट, पेडल दाबलं की मधल्या प्लेटांची टिकटिक, आणि २६० न्यूटन-मीटरसाठी ५५५ पेलणारा क्लच घ्यायचा कशाला? इथे चाचांनी एक गोष्ट सांगितली ती मी वहीत लिहून ठेवली आहे. क्लच घसरतो म्हणून गिअरबॉक्स वाचतो. क्लच फार बळकट केला की पुढचा हिसका गिअरच्या दात्यांवर आणि ड्राइव्हशाफ्टवर जातो. त्यांना २०७ ची सवय आहे.

उरला दाब. प्रेशर प्लेटची स्प्रिंग तीस टक्के जास्त जोराची घेतली तर ५,००० चे ६,५०० न्यूटन. गुणाकार ३६०. तापलेला, ०.२५ धरून, ३००. म्हणजे ऐन एप्रिलमध्ये करंजीच्या चढावर २६० मागितले तरी पंधरा टक्के शिल्लक. पेडल जड होणार, तेही साधारण त्याच प्रमाणात, आणि पेडल दाबून ठेवलं की इंजिनच्या क्रँकशाफ्टवर मागून तेवढाच जास्त रेटा. म्हणून सिग्नलला न्यूट्रल करायचं, पेडलवर पाय ठेवून उभं राहायचं नाही. चाळीस टक्क्यांचीही प्लेट मिळत होती. भावाला ती हवी होती. पण पेडल माझ्या पायाखाली आहे.

बाजारात हे सगळं 'स्टेज वन', 'स्टेज टू', 'स्टेज थ्री' म्हणून विकतात, आणि या नावांना काही प्रमाण नाही. एकाचा स्टेज टू दुसऱ्याचा स्टेज वन असतो. विकणाऱ्याला एवढंच विचारा: किती न्यूटन-मीटर, फ्लायव्हीलला, लायनिंग कशाचं, हब स्प्रिंगचा की घट्ट? एकाने मला सांगितलं, "मॅडम, दोनशे घोडे आरामात." मी म्हटलं, घोडे तबेल्यात, टॉर्क सांगा. फोन ठेवला त्याने. आणि जुन्याच प्लेटला नवं लायनिंग रिव्हेट करून घेण्याचा मार्गही आहे, ट्रकवाले करतात. पण जोरात फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनाला मी ते कधीच करणार नाही. ६,००० आरपीएमला त्या २२० मिलिमीटरच्या प्लेटच्या कडेवरचा एक ग्रॅमचा तुकडा चार किलोपेक्षा जास्त जोराने बाहेर ओढला जातो. एक ग्रॅम! हा हिशोब केला त्या रात्री मला झोप लागली नाही, आनंदाने.

शेवटी घेतली ती ऑरगॅनिक लायनिंगची, स्प्रिंगवाल्या हबची नवी प्लेट आणि तीस टक्के जोराची प्रेशर प्लेट. शोधताना कळलं की क्लच बनवणारी एक्सेडी इंडिया, म्हणजे पूर्वीची सीके डायकिन, आमच्या शेजारीच आहे, इमामपूरचा घाट उतरून पुढे छत्रपती संभाजीनगरला. पुण्याकडे गाडी जन्मली, संभाजीनगरकडे क्लच जन्मतात आणि मधे आम्ही. आणि नगरला तरी काय कमी आहे! १९७२ साली इथेच कायनेटिकची लुना निघाली, तिचा क्लच तर पेडल आणि लिव्हर दोन्ही न मागणारा. वेग वाढला की आतले जोडे आपोआप बाहेर फेकले जाऊन ड्रमला घासायचे. माझी मावशी लुनावर शिकली आणि 'हाफ क्लच' हा शब्द तिला आजही माहीत नाही.

बसवण्याच्या दिवशी मी रजा टाकली. गिअरबॉक्स उतरला तेव्हा चाचांनी आधी इंजिनचं मागचं ऑइल सील बघितलं. ते झिरपत असेल तर हजारांची प्लेट तेलाच्या चार थेंबांनी जाते. फ्लायव्हीलच्या तोंडावर तापाचे निळे डाग आहेत का, चरे आहेत का, तेही बोट फिरवून बघितलं. रिलीज बेअरिंग नवं टाकलं, जुनं ठीक दिसत असूनही. गिअरबॉक्स पुन्हा उतरवायची मजुरी बेअरिंगपेक्षा जास्त. मग प्लेट मध्यावर बसवायला डमी शाफ्ट, आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, टॉर्क रेंचने. नवीन प्लेटच्या लायनिंगला हात लावला तर चाचा ओरडले. बोटाचं तेलसुद्धा नको!

आणि त्यानंतर संयम. शेकडो किलोमीटर गावातच चालवायची, गिअर बदलत, हळुवार, जोर न लावता, म्हणजे नवं लायनिंग आणि पोलाद एकमेकांना घासून बसतात. इथेही गणित आहेच. उभी गाडी उचलताना गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, इंजिन एका वेगावर धरलं तर, तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. अगदी तेवढीच! बाराशे किलोची गाडी ताशी दहा किलोमीटरपर्यंत क्लच घासत नेली तर साडेचार हजार ज्यूल. तीच इंजिन ओरडवत पंचवीसपर्यंत नेली तर सव्वासहा पट. गाडी तीच, माणूस तोच, उष्णता सहा पट. तेव्हापासून मी कापड बाजारात लोक गाडी कशी उचलतात ते बघत उभी राहते आणि मनात ज्यूल मोजते.

एक कोरडी गोष्ट सांगून टाकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली नोंदणीपत्रातल्या तपशिलांशी विसंगत फेरफार चालत नाहीत, आणि रीमॅपचं विमा कंपनीला कळवलेलं बरं. मी कळवलं.

पेडल जड झालं आहे, खरंच. पहिल्या आठवड्यात डावी पोटरी दुखली. पण आता चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला की दोन्ही काटे एकत्र चढतात. भाऊ मागच्या रविवारी आला, केडगावच्या पुढे बायपासला एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "ताई, आता टर्बो मोठा टाकूया का? तीनशे न्यूटन-मीटर." मी वही उघडली. तापलेला क्लच ३००, मागणी ३००, शिल्लक शून्य. मग दाब वाढवायचा की तोंडं? त्याला म्हटलं, आधी ड्राइव्हशाफ्टचा व्यास मोजून आण.